रहाडीवरची टपरी

माझ्या स्टुलाखाली दोन पुरुष खोल खड्डा आहे
हे गिऱ्हाइकाला सांगत नाही मी.
किल्ली घासताना कानशीचा आवाज इथे जरा घुमतो,
पलीकडे रसवंतीपाशी घुमत नाही.
एवढाच काय तो फरक.

वर्षभर वरून रिक्षा जातात,
शाळेची व्हॅन, सिलिंडरची गाडी,
एकदा तर बँकेची तिजोरी लादलेला ट्रक.
जमिनीने हूं की चूं केलं नाही.

होळीची राख निवली की बाळकृष्ण तांबट येतो
टाचेने जमीन चाचपत.
"वहिनी, उचला."
चार पोरं टपरीला चार कोपऱ्यांनी धरतात,
आणि सासऱ्यांच्या वेळेपासूनचा हा पत्रा
पाच दिवस परदेशींच्या ओट्यावर पाहुणा.

रस्ता काँक्रीटचा झाला त्या साली
ठेकेदाराचा पोरगा नकाशा घेऊन आला.
नकाशात खड्डा नव्हता.
तांबटाने खडूने चौकोन आखला
आणि चपला उशाला घेऊन त्यात आडवा झाला.
दुपारी शेजारी अजून तिघे.
रात्री बायकांनी डबे तिथेच पोचवले,
पोरांनी पत्त्यांचा डाव मांडला.
"एका दिवसाच्या रंगासाठी?" ठेकेदार म्हणाला.
कुणी वर मान केली नाही, डाव रंगात होता.
म्हणून आजही गुळगुळीत काँक्रीटच्या मधोमध
एक चौकोन सुटा आहे.
निघतो.

यंदाही निघाला.
आधी पेव्हर, मग माती, मग ओंडके,
पहारीने, हाताने,
जेसीबीला इथे मज्जाव, काठाचे दगड म्हातारे आहेत.
शेवटचा ओंडका उचलला
आणि गेल्या वर्षीचा वास वर आला,
फुलांचा, कुजका, थोडा गोड.

गाळात एक किल्ली सापडली.
खाच बघून ओळखली, माझ्याच हातची,
मुश्ताक बँडवाल्याच्या स्कूटरची.
पावसात कोपरा खचला होता, तेव्हा गेली असणार.
तोवर त्याने कुलूप बदललेलं, नंतर स्कूटरही विकलेली.
तरी त्याने शर्टाला पुसून ती खिशात टाकली.
"राहू दे," म्हणाला.

दुपारी दोन ते तीन बायकांची वेळ.
हीसुद्धा कुणी कागदावर दिली नाही.
यशोदा परदेशी एका वर्षी पाय सोडून काठावर बसली
आणि उठलीच नाही,
तेव्हापासूनची.

मी दर साली ओट्यावरून बघायची,
गल्ला सांभाळायचा असतो.
यंदा गल्ला तिच्या सुनेच्या हातात दिला,
नाक धरलं,
धप्पा!

पाणी कढवलेल्या पळसाचं, कोमट.
खाली पायाला फरशी लागली, शेवाळलेली.
डोळे उघडू नको म्हणतात, उघडले.
जिथे माझं स्टूल असतं
तिथे केशरी आभाळ होतं
आणि आभाळात कुणाकुणाचे तळपाय.

तिसऱ्या दिवशी ओंडके, माती, पेव्हर.
टपरी जागेवर.
आठ दिवस माझी नखं केशरी,
माझ्या हातच्या किल्ल्याही जराशा.

मग महापालिकेचा माणूस आला, फेरीवाल्यांची नोंद करत.
नाव, वय, धंदा.
"जागा कायमची की तात्पुरती?"
मी कानस खाली ठेवली.
काय सांगू?
"लिहा तुम्हाला योग्य वाटेल ते."

पेन चालेना म्हणून त्याने ते झटकलं,
वैतागून पाय आपटला,
खालून
ढुम्म.

त्याने माझ्याकडे बघितलं.
मी किल्ली घासत होते.